परिसंवादात वाद का होत नाही

कार्यक्रमपत्रिकेवर सत्र 90 मिनिटांचं असतं. आधीचं सत्र लांबलेलं असतं, म्हणून सुरुवातच 12 मिनिटं उशिरा होते. दीपप्रज्वलनाला 5, प्रायोजकाच्या चित्रफितीला 3, पाच जणांच्या परिचयाला प्रत्येकी 2 म्हणजे 10, पुष्पगुच्छांना 4, सूत्रसंचालकाच्या प्रास्ताविकाला 6 आणि शेवटी स्मृतिचिन्हं व आभारांना 7. बेरीज 47. उरली 43 मिनिटं. चार वक्ते आठ-आठ मिनिटं बोलले की त्यातली 32 गेली. राहिलेल्या 11 मिनिटांत श्रोत्यांचे तीन प्रश्न होतात आणि त्यातले दोन प्रश्न नसून भाषणं असतात. एका वक्त्याने दुसऱ्याला उत्तर देण्यासाठी या हिशेबात एकही मिनिट नाही.

उद्योजक, अर्थतज्ज्ञ, संपादक आणि तत्त्वज्ञ अशी चौकडी एका मंचावर बसवण्याची सध्या मोठी हौस आहे. विद्यापीठं बसवतात, वाणिज्य मंडळं बसवतात, वृत्तवाहिन्या कॉन्क्लेव्ह म्हणून बसवतात. मुळात कल्पना चांगली आहे. पैसा कुठे लावायचा हे ठरवणारा, त्याचा देशावर काय परिणाम होतो हे मोजणारा, ते लोकांपर्यंत पोचवणारा आणि ‘हे योग्य आहे का’ असं विचारणारा, हे चौघे एरवी एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण चौघांना शेजारी बसवलं की विचारांची देवाणघेवाण आपोआप होते, ही समजूत खोटी आहे. होते ती भाषणांची रांग. वक्ते सुमार असतात म्हणून असं होतं, असंही नाही. परिषदेची बांधणीच अशी असते की कोणाला कोणाचं म्हणणं खोडून काढता येऊ नये. ही बांधणी बदलता येते, आणि ज्या परिषदेला सार्वजनिक पैसा लागतो तिथे ती बदलण्याची अटच घालायला हवी, एवढंच मला मांडायचं आहे.

मंचावर माणूस मिनिटाला साधारण 120 शब्द बोलतो. आठ मिनिटांत हजाराच्या आतच. एवढ्यात एक विधान आणि त्याचा एक पुरावा नीट मांडता येतो. प्रतिपक्षाचं म्हणणं सांगून त्याला उत्तर देणं जमत नाही. त्यामुळे अनुभवी वक्ता काय करतो? सुरक्षित विधान निवडतो. उद्योजक संधींबद्दल बोलतो, अर्थतज्ज्ञ वाढीच्या दराबद्दल, संपादक समाजमाध्यमांच्या उथळपणाबद्दल आणि तत्त्वज्ञ मूल्यांच्या ऱ्हासाबद्दल. लग्नातल्या मंगलाष्टकांसारखं प्रत्येकजण आपलं कडवं म्हणतो, चाल ज्याची त्याची आणि ‘सावधान’ मात्र सगळ्यांचं एकच.

घोटाळा शीर्षकापासूनच सुरू होतो. ‘भारतीय शेती : आव्हाने आणि संधी’ या विषयावर बोलताना कोणीही, कधीही चूक ठरू शकत नाही. ज्या शीर्षकावर चूक ठरता येत नाही त्यावर बरोबर ठरण्यालाही काही किंमत उरत नाही. त्याऐवजी कांदा घ्या. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला 800 डॉलर असं किमान निर्यातमूल्य ठरवलं, म्हणजे त्याहून स्वस्तात माल बाहेर विकता येत नव्हता. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यात बंदच केली. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण सोबत 550 डॉलरचं किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क होतंच. सप्टेंबरात किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं आणि पूर्ण हटलं ते 1 एप्रिल 2025 ला. आता परिसंवादाचा प्रश्न असा ठेवा : शहरातला भाव उतरवण्यासाठी निर्यात रोखली, तर लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याला बसलेला तोटा कोणी भरून द्यायचा?

या प्रश्नावर चौघांपैकी कोणालाही गोलगोल बोलून सुटता येत नाही. निर्यातदार सांगेल की बंदी उठली तरी गिऱ्हाईक लगेच परत येत नाही. आखातातल्या आणि आग्नेय आशियातल्या खरेदीदाराने तोवर पाकिस्तान, चीन किंवा इजिप्तचा माल घ्यायला सुरुवात केलेली असते. ते खरंच आहे. पण त्याला हेही विचारता येतं की बंदीच्या काळात पडलेल्या भावाने माल उचलून कांदाचाळीत भरून ठेवणारे कोण होते? अर्थतज्ज्ञाला सांगावं लागेल की महागाई मोजणाऱ्या, 2012 या पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार 0.64 टक्के होता. म्हणजे कांद्याचा भाव दुप्पट झाला तरी निर्देशांक ढोबळमानाने अर्ध्या-पाऊण टक्क्याने हलतो. मग एवढ्यासाठी निर्यातबंदीसारखं जड हत्यार का उचललं जातं? उत्तर अर्थशास्त्रात कमी आणि निवडणुकांच्या वेळापत्रकात जास्त आहे, हे त्याला मान्य करावं लागेल किंवा नाकारावं तरी लागेल. संपादकाला विचारावं की शहरात कांदा 80 रुपये किलो झाला की ती पहिल्या पानाची बातमी होते आणि बाजार समितीत तो पाच रुपयांवर आला की जिल्ह्याच्या पानावर जाते, हा निर्णय कोण आणि कशाच्या आधारावर घेतं? सरकारवर येणारा दबाव त्या पहिल्या पानानेच तयार केलेला असतो.

आणि तत्त्वज्ञ? त्याचा प्रश्न खरं तर सगळ्यांत टोकदार आहे. ग्राहकाला मिळालेला दिलासा शेतकऱ्याच्या खिशातून आला असेल, तर तो व्यवहार म्हणजे कर झाला. कर असेल तर संसदेत चर्चा न होता परकीय व्यापार महासंचालनालयाच्या एका अधिसूचनेने तो लागू होणं न्याय्य कसं? आणि ग्राहकांमध्ये भूमिहीन मजूरही असतो, त्याचं काय? या प्रश्नांनी उरलेल्या तिघांची भाषा बदलते. म्हणून माझा आग्रह असा की तत्त्वज्ञाला सर्वांत आधी बोलू द्यावं. आपल्याकडे त्याला शेवटी, ‘मूल्यांविषयी दोन शब्द’ सांगायला ठेवतात. तोवर अर्धं सभागृह जेवणाच्या रांगेत गेलेलं असतं. बऱ्याचदा तर त्या खुर्चीवर तत्त्वज्ञ नसतोच. प्रवचनकार किंवा प्रेरणादायी वक्ता असतो, कारण आयोजकांच्या लेखी तिघांत फरक नसतो. फरक मोठा आहे. प्रवचनकार श्रोत्याला समाधान देतो, तत्त्वज्ञाने ते काढून घ्यायचं असतं.

चार क्षेत्रांची माणसं एकत्र आणून खरोखर काही घडवणाऱ्या बैठका झालेल्या आहेत, आणि त्यांची बांधणी पाहण्यासारखी आहे. 26 ते 30 ऑगस्ट 1938 असे पाच दिवस पॅरिसमध्ये 26 माणसं जमली. निमंत्रक लुई रूजिए हा तत्त्वज्ञ. निमित्त वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराच्या ताज्या पुस्तकाचं. अर्थतज्ज्ञांत हायेक, मीझेस, र्‍योप्के होते. उद्योगातून ऑग्युस्त देतफ, एर्नेस्त मेर्सिए आणि ॲल्युमिनियम उद्योगातले लुई मार्लिओ. चर्चेचा मुख्य प्रश्न असा : उदारमतवादी अर्थव्यवस्था ढासळली ती बाहेरच्या धक्क्यांनी की स्वतःच्याच दोषांनी? मक्तेदारी सरकार निर्माण करतं की बाजार आपण होऊन तिकडे जातो? मक्तेदारीवरची ही चर्चा ज्यांच्या उद्योगात कार्टेल, म्हणजे कंपन्यांनी संगनमताने भाव ठरवणं, ही रोजची गोष्ट होती त्यांच्या तोंडावर झाली. मीझेस आणि जर्मन समाजशास्त्रज्ञ र्‍युस्तो यांचे टोकाचे मतभेद उघडे पडले. झालेल्या चर्चेचा वृत्तान्त 1939 मध्ये छापून आला. आज ज्या ‘नवउदारमतवाद’ शब्दावरून महाविद्यालयांच्या वादसभा पेटतात, त्याला वैचारिक कार्यक्रमाचं रूप तिथे मिळालं.

पुढे एप्रिल 1947 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँ पेलरँ इथे हायेकने दहा दिवसांची बैठक भरवली. 39 जण आले. कार्ल पॉपर तत्त्वज्ञ म्हणून, मिल्टन फ्रीडमन, स्टिगलर, लायोनेल रॉबिन्स अर्थतज्ज्ञ म्हणून, हेन्री हॅझलिट आणि जॉन डेव्हनपोर्ट हे पत्रकार. पत्रकार वार्तांकन करायला आले नव्हते, चर्चेतच बसले होते. विषय ठरलेले : जर्मनीचं भवितव्य, चलनसुधारणा, शेतीधोरण, वेतन आणि कामगार संघटना, करव्यवस्था व दारिद्र्य. शेवटी उद्दिष्टांचा मसुदा झाला, त्यावर खल झाला, रॉबिन्सने तो नव्याने लिहिला आणि तरीही मॉरिस अले या फ्रेंच अर्थतज्ज्ञाने खाजगी मालमत्तेच्या मुद्द्यावर सही केली नाही. दहा दिवस एका हॉटेलात राहून, एकाच विचारकुळातली माणसं असूनही, एकाने सही नाकारली. आपल्या परिषदांच्या समारोपात ‘एकमताने ठराव संमत’ हे वाक्य किती सहज येतं, ते याच्या शेजारी ठेवून पाहावं.

या बैठकींचं कौतुक मात्र डोळे मिटून करू नये. तिथे समाजवादी नव्हते, सरकारी हस्तक्षेपाचा पुरस्कार करणाऱ्या केन्स या अर्थतज्ज्ञाची बाजू मांडणारं फारसं कोणी नव्हतं. माँ पेलरँच्या बैठकीत स्विस बाजूचा बराच खर्च एका बँकेने उचलला होता आणि अमेरिकेतून येणाऱ्यांच्या प्रवासाला एका उद्योगपतीच्या नावाच्या फंडाने पैसे दिले होते. तिथे टिपणं काढली गेली, पण त्या चर्चेचा सविस्तर वृत्तान्त लोकांना वाचायला मिळाला तो 2022 मध्ये, म्हणजे 75 वर्षांनी. जगाच्या अर्थकारणावर परिणाम करणाऱ्या चर्चेची नोंद तीन पिढ्यांनी उघडी व्हावी, हा काही आदर्श नव्हे. यातून उचलायचं ते एवढंच : माणसं थोडी, वेळ भरपूर, समोर एक लिखित मजकूर आणि असहमतीची नोंद. गुप्तता आणि एकाच गोटातली निवड तिथेच ठेवून द्यावी.

गोट वेगळे असले तरी ही बांधणी चालते, याचा दाखला पुण्यातच आहे. 1983 मध्ये मे. पुं. रेगे आणि दयाकृष्ण या तत्त्वज्ञांनी पारंपरिक पंडित आणि पाश्चात्य तत्त्वज्ञानात शिकलेले अभ्यासक यांना समोरासमोर बसवलं. विषय ‘पूर्व आणि पश्चिम’ असा ऐसपैस नव्हता. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलचा विधानासंबंधीचा सिद्धान्त हा होता. तो संस्कृतात उतरवून पंडितांपुढे ठेवला गेला आणि ‘न्याय’ या भारतीय तर्कदर्शनाच्या परिभाषेत पंडितांनी त्याची चिरफाड केली. चर्चेची भाषा मुख्यतः संस्कृत. पुढे तिचा ग्रंथही निघाला. दोन परंपरांमध्ये जिथे सामायिक परिभाषाच नव्हती तिथे हे जमलं, तर मराठी बोलणाऱ्या निर्यातदाराला आणि अर्थतज्ज्ञाला का जमू नये? फरक एवढाच की रेग्यांनी आधी मजकूर तयार केला आणि मग माणसं बोलावली. आपण आधी माणसं ठरवतो, कारण निमंत्रणपत्रिकेवर फोटो छापायचे असतात.

तशी इथली जुनी रीतही हीच होती. न्यायमूर्ती रानड्यांनी 1890 मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरवली ती लेखी निबंध वाचण्यासाठी. डच ईस्ट इंडीजमधल्या (आजच्या इंडोनेशियातल्या) सरकारी शेतीपद्धतीवरचा त्यांचा निबंध आजही वाचता येतो, कारण तो लिहिलेला होता. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानात 29 जानेवारी 1939 ला डॉ. आंबेडकर संघराज्याच्या योजनेवर बोलले. एक वक्ता, एक विषय, आणि नंतर छापील पुस्तिका. कधी कधी चार वक्त्यांपेक्षा एकच बरा असतो, हेही आयोजकांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता कामाचं बोलू. चौघांच्या परिसंवादाची बांधणी कशी असावी? सत्राच्या तीन आठवडे आधी प्रत्येक वक्त्याने ठरलेल्या प्रश्नावर 1,500 शब्दांचं टिपण द्यावं. ते उरलेल्या तिघांना आणि सूत्रसंचालकाला जावं. एक आठवडा आधी प्रत्येकाने इतरांच्या टिपणांवरचे आपले आक्षेप 300 शब्दांत कळवावेत. प्रत्यक्ष सत्रात उद्घाटनाची भाषणं नकोत. सूत्रसंचालकाने 10 मिनिटांत सांगावं की या चौघांत कुठे एकमत आहे, कुठे नाही आणि जे नाही ते माहितीबद्दल आहे की मूल्यांबद्दल. मग एकेका टिपणाची 15 मिनिटं उलटतपासणी : इतर तिघांनी विचारायचं, लिहिणाऱ्याने उत्तर द्यायचं. हे झाले 60. उरलेली 20 मिनिटं श्रोत्यांची, पण प्रश्न चिठ्ठीवर, दोन ओळींत, आणि ते निवडणारा माणूस आयोजक संस्थेबाहेरचा. फिरता माइक स्वयंसेवकाने हातातच धरावा, श्रोत्याच्या हाती देऊ नये. दिला की परत येत नाही. दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ करायचंच असेल तर चहाच्या वेळेत.

यात बिघडतं काय? पहिली गोष्ट, टिपणं येत नाहीत. नामवंत माणूस ‘येऊन बोलतो की’ म्हणतो आणि आयोजक भिडेखातर मान्य करतात. मग एकाचं टिपण नाही म्हणून दुसराही देत नाही आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं पुन्हा आठ-आठ मिनिटांवर येतं. उपाय एकच : टिपण हाती आल्याशिवाय नाव जाहीर करायचं नाही. दुसरी गोष्ट सूत्रसंचालकाची. आपल्याकडे ही खुर्ची पाचव्या वक्त्याला मिळते किंवा आवाज चांगला असलेल्या निवेदकाला. पहिला स्वतःच बोलतो, दुसऱ्याला विषय कळत नाही. चारही टिपणं दोनदा वाचलेला, ‘तुम्ही प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही’ असं मंत्र्यालाही म्हणू शकणारा आणि स्वतःचं मत घरी ठेवून येणारा माणूस लागतो. असा माणूस वक्त्यापेक्षा दुर्मीळ आहे. त्याला मानधनही वक्त्यापेक्षा जास्त द्यावं. तिसरी गोष्ट म्हणजे मध्येच होणारं व्हीआयपी आगमन. सत्र रंगात असताना प्रमुख पाहुणे येतात, सगळे उभे राहतात, छायाचित्रकार मंचासमोर येतात आणि उलटतपासणीचा धागा तुटतो. पाहुण्यांसाठी वेगळं सत्र ठेवा आणि दार लावून घ्या.

तारखांचंही एक गणित आहे, आणि ते अनेकांना ऐनवेळी कळतं. व्याजदर ठरवणाऱ्या, रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीच्या सदस्यांना धोरणनिर्णयाच्या आधी सात दिवस आणि नंतर सात दिवस मौन पाळावं लागतं. वर्षाला सहा बैठका धरल्या तर सुमारे तीन महिने ते धोरणावर जाहीर बोलू शकत नाहीत. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीच्या प्रमुखावर वेगळी बंधनं : तिमाही संपल्यापासून निकालानंतर 48 तासांपर्यंत समभागव्यवहाराची खिडकी बंद असते, म्हणजे आपल्याच कंपनीचे समभाग त्याला घेता-विकता येत नाहीत, आणि जी माहिती अजून बाजाराला दिलेली नाही ती मंचावर देणं हा गुन्हा ठरू शकतो. म्हणजे एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात त्याला बोलावलं तर तो हवापाण्यावर बोलेल. त्यात त्याचा दोष नाही. तारीख चुकीची निवडली.

सगळ्यांत नाजूक प्रश्न हितसंबंधांचा. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीच्या 2014 च्या नियमांनुसार संशोधन विश्लेषकाने परिसंवादात किंवा वाहिनीवर एखाद्या समभागाबद्दल बोलताना त्यात आपला आर्थिक हितसंबंध आहे की नाही हे सांगावं लागतं. नियम चांगला आहे. पण त्याच मंचावर शेजारी बसलेला अर्थतज्ज्ञ एखाद्या वीज कंपनीचा स्वतंत्र संचालक असेल आणि वीज दरांच्या धोरणावर बोलत असेल, तर तसं सांगण्याचं बंधन त्याच्यावर या नियमाने येत नाही. परिचयात तो ‘ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ’ असतो. 2008 च्या आर्थिक अरिष्टानंतर अमेरिकेत याच मुद्द्यावरून प्राध्यापकांची बरीच नाचक्की झाली; मग 2012 मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने आपल्या नियतकालिकांत लिहिणाऱ्यांना मागच्या तीन वर्षांत संबंधित पक्षाकडून 10 हजार डॉलर किंवा अधिक मिळाले असतील तर ते उघड करायला सांगितलं. तोच नियम मंचाला लावावा. परिचयातले पुरस्कार कमी करून तिथे चार ओळी टाकाव्यात : मागच्या तीन वर्षांत या विषयाशी संबंध असलेल्या कोणत्या कंपनीकडून, खात्याकडून किंवा संघटनेकडून मानधन, संचालकपद, सल्लागारपद मिळालं. हे पडद्यावर दाखवावं आणि पत्रिकेवर छापावं. उद्योजकाचे हितसंबंध तरी त्याच्या पदातच दिसतात. अडचण इतर तिघांची आहे, कारण ते निःपक्ष समजले जातात.

माध्यमांची गोष्ट त्याहून अवघड, कारण ती आता मंचावरची पाहुणी राहिलेली नाहीत. मंच त्यांचाच आहे. छापील जाहिरात आटत गेली तशी परिषद हा उत्पन्नाचा मार्ग झाला. राज्याच्या खात्याने ‘सहप्रायोजक’ व्हायचं, बांधकाम व्यावसायिकाने ‘सादरकर्ते’ व्हायचं आणि संपादकाने त्याच खात्याच्या मंत्र्याची ‘थेट मुलाखत’ घ्यायची. संपादक कितीही स्वाभिमानी असो, ज्याच्या पैशावर सभागृह सजलं आहे त्याला तो तिसरा उपप्रश्न विचारत नाही. 2009 च्या जुलैमध्ये ‘द वॉशिंग्टन पोस्ट’च्या प्रकाशिकेच्या घरी भोजनबैठका ठरल्या होत्या. एका बैठकीच्या प्रायोजकत्वाचा दर 25 हजार डॉलर. बदल्यात ओबामा प्रशासनातले अधिकारी आणि वृत्तपत्राचे संपादक-वार्ताहर यांच्याशी अनौपचारिक गप्पा. माहितीपत्रक फुटलं आणि त्याच दिवशी बैठक रद्द करावी लागली. पोस्टच्या वार्ताहरांनाच त्याची लाज वाटली. आपल्याकडे तसलं पत्रक फुटण्याची गरजच नसते, ते मोठ्या फलकावर मंचामागे लावलेलं असतं. लाज वाटायची मात्र राहून जाते.

इथे कोणी चॅटहॅम हाउस या लंडनच्या अभ्याससंस्थेच्या नियमाचा आधार घेतात. 1927 सालचा हा नियम सांगतो की चर्चेतली माहिती वापरायला मोकळीक आहे, पण कोण बोललं आणि तो कुठल्या संस्थेचा हे सांगायचं नाही. नोकरीत असलेल्या अधिकाऱ्याला मोकळेपणी बोलता यावं म्हणून तो उपयोगी आहे. पण 300 श्रोत्यांच्या सभागृहात, थेट प्रक्षेपण चालू असताना, सूत्रसंचालकाने तो जाहीर करणं हास्यास्पद आहे. आणि प्रायोजकाचं नाव झाकण्यासाठी तर तो मुळीच नाही.

स्वित्झर्लंडमधल्या दावोसला दरवर्षी भरणाऱ्या बैठकीचं उदाहरण हमखास पुढे येईल. क्लाऊस श्वाब यांनी 1971 मध्ये युरोपीय व्यवस्थापकांसाठी सुरू केलेला मंच 1987 मध्ये जागतिक आर्थिक मंच झाला आणि तिथे उद्योग, अर्थकारण, माध्यमं, विचारवंत सगळेच जातात. जातात खरे, पण तिथली खरी उलाढाल सत्रांत होत नाही, सत्रांच्या बाहेर होते. जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथे 15 लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेचे सामंजस्य करार जाहीर केले. त्यातल्या बऱ्याच कंपन्या भारतीय, काही तर मुंबई-पुण्याच्याच होत्या. करार मंत्रालयात का झाले नाहीत, हा विरोधकांचा प्रश्न राजकीय म्हणून सोडून देऊ. आपल्या विषयापुरतं एवढंच पुरे की तो बाजार आहे. बाजाराला हरकत नाही, फक्त त्याला परिसंवाद म्हणू नये आणि आपल्या विद्यापीठांनी त्याची नक्कल करू नये.

माझ्या सूचनेवर दोन आक्षेप येतील. एक, उलटतपासणीला नामवंत येणार नाहीत. काही येणार नाहीत, हे खरं. पण नाव कमावून बसलेल्याऐवजी त्या विषयावर काम करणारा पस्तिशीतला अभ्यासक, निर्यातगृहात रोज कंटेनर भरणारा व्यवस्थापक, बाजार समितीच्या बातम्या देणारा तालुक्याचा वार्ताहर आला तर प्रश्न जास्त खोलात जाईल. दुसरा आक्षेप असा की सामान्य श्रोता कंटाळेल. हा मला पटत नाही. वसंत व्याख्यानमाला 1875 पासून श्रोत्यांच्याच जोरावर चाललेली आहे. मराठी श्रोता दीड तास एका विषयावर बसू शकतो. तो कंटाळतो ते सत्काराला.

सार्वजनिक पैशाच्या अटींकडे येतो. विद्यापीठ, राष्ट्रीयीकृत बँक, महामंडळ, मंत्रालयाचं खातं यांपैकी कोणीही परिषदेला पैसे देत असेल तर धनादेशाआधी तीन कागद मागावेत. पहिला, सर्व प्रायोजकांची यादी, रकमेसह. दुसरा, प्रत्येक वक्त्याचं हितसंबंधांचं निवेदन. तिसरा, टिपणं आणि चर्चेचं इतिवृत्त 30 दिवसांत सर्वांना वाचायला मिळेल अशी हमी. त्यात असहमतीची स्वतंत्र नोंद असावी. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी, 1955 मध्ये, अर्थतज्ज्ञांच्या मंडळात बी. आर. शेणॉय एकटे तुटीच्या अर्थभरण्याच्या, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्तीचा सरकारी खर्च नवं चलन काढून भागवण्याच्या, विरोधात होते. त्यांची भिन्नमतपत्रिका स्वतंत्र नोंदली गेली म्हणून आज कोणाचं काय चुकलं याची चर्चा करता येते. 90 मिनिटांच्या सत्राचं लेखन साधारण दहा हजार शब्दांचं होतं. ध्वनिमुद्रणावरून ते उतरवून घ्यायला आणि वक्त्यांकडून तपासून घ्यायला दोन माणसांचं आठवड्याभराचं काम पुरतं, आणि त्याचा खर्च पुष्पगुच्छ, शाली व स्मृतिचिन्हांच्या खर्चातून सहज निघावा. पैशाचा शेवटचा हप्ता इतिवृत्त प्रसिद्ध झाल्यावरच द्यावा, नाहीतर ते निघत नाही. ज्या वक्त्याला या अटी मान्य नसतील त्याला बोलावू नये. त्याची 15 मिनिटं उरलेल्या तिघांत वाटून द्यावीत.